दीड पौंडाचं पिस्तूल

टक् असा बारीक आवाज झाला आणि काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या डेनाच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे थांबलं. मला वाटलं, माझ्या पाठीमागे दारातून कोणीतरी आलं असावं आणि ती त्याच्याकडे बघत असावी, म्हणून मी वळूनसुद्धा पाहिलं. मंगळवारी सकाळी अकराला बंदुकांच्या दुकानात कोण असणार? दाराची काच वाऱ्याने खडखडत होती, भिंतीवर कोणीतरी मारलेल्या हरणाचं डोकं होतं आणि काउंटरच्या अलीकडे मी एकटाच होतो. मर्ल टेटम, वय चौऱ्याहत्तर, हातात नवं कोरं पिस्तूल. मी खाली त्या हाताकडे पाहिलं. बोट चापावर होतं. चाप ओढून झाला होता. मग हळूहळू, दुपारच्या झोपेतून जाग येते तसं, काय राहिलं ते माझ्या ध्यानात यायला लागलं. मी तपासलं नव्हतं.

यात एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. डेनाने ते पिस्तूल काचेखालून काढलं होतं, माझ्यादेखत गोळ्या भरायचं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं होतं, नळीवरची सरकती स्लाइड मागे ओढून अडकवली होती, आत डोकावून बघितलं होतं, करंगळीचं टोक गोळी बसते त्या चेंबरमध्ये घालून बघितलं होतं आणि तसंच उघडं माझ्या हातात दिलं होतं. ते रिकामं आहे हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, भिंतीवरच्या हरणालासुद्धा माहीत होतं. तरी घेणाऱ्याने पुन्हा तेच सगळं करायचं असतं. आत बघायचं, बोट घालायचं. यात देणाऱ्याला कोणी रागवत नाही. तपासलं नाही तर मात्र रागवतात. कोणाच्या घरात शिरताना पाय पुसावेत तितकी ती साधी गोष्ट आहे. पुढे चाप ओढून बघायचा असेल तर आधी विचारायचं, आणि नळी कुणाच्याही अंगावरून न्यायची नाही. मी काय केलं होतं? घेतलं, स्लाइड सोडली, नळी डेनाच्या खांद्यावरून भिंतीकडे नेली आणि ओढला चाप. दोन सेकंदांत तीन चुका. एकतीस वर्षं, शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी, मेथडिस्ट चर्चच्या तळघरात मी या गावच्या पोरांना बंदूक हाताळायला शिकवलं. यातली एक चूक जरी बारा वर्षांच्या पोराने केली असती तरी मी त्याला त्या दिवसापुरता घरी पाठवला असता.

डेना त्याच पोरांपैकी. आता चाळिशीची झाली आहे, केस आखूड कापते, चष्मा कपाळावर ठेवते आणि मग शोधत बसते.  ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता हात पुढे केला, मी पिस्तूल तिच्या हातात दिलं, आणि ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "हलकं आहे ना, सर?" त्या आवाजाने मला कसंतरीच झालं. दवाखान्यातल्या बाया उशी सारखी करताना असं बोलतात. मी म्हणालो, "हलकं कसलं, खेळणं आहे. दीड पौंडसुद्धा भरायचं नाही." ती म्हणाली, "दीड पौंडच आहे. तुमचा अंदाज अजून पक्का." हे 'अजून' तिने सहज म्हटलं असेल. मला ते सहज वाटलं नाही.

मी आलो होतो ती नवी गोळी बघायला. नऊ मिलिमीटरची गोळी मी चाळीस वर्षं वापरली, पण दोन्ही अंगठ्यांचे सांधे आता बटाट्यासारखे सुजतात, आणि बार उडाला की मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत जाते. ही तीस कॅलिबरची नवी गोळी नऊपेक्षा बारीक, त्यामुळे मॅगझिनमध्ये दोन जास्त मावतात, धक्का कमी, स्लाइड ओढायलाही सोपी, असं मी मासिकात वाचलं होतं. वनेटाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी तो लेख दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "मर्ल, कालच वाचलास की." मी म्हणालो, "माहीत आहे. तुझं लक्ष नव्हतं म्हणून परत वाचला." तिचं लक्ष होतं. ते जाऊ दे. पण एक खरं सांगतो, सांध्यांचं निमित्त होतं. घरात फळीवर नऊ मिलिमीटरची काडतुसं डब्यांमागे डबे रचलेली आहेत, मी मरेपर्यंत पुरतील आणि वर शेजाऱ्यांना वाटता येतील. या वयात नवं कॅलिबर घ्यायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून आलं. नवी काडतुसं जमवा, नवा नेम बसवा, दोन-तीन वर्षं हाताला सवय लावा. ज्याच्यापुढे काही वर्षं आहेत तोच असल्या भानगडीत पडतो. मला तसा माणूस व्हायचं होतं, निदान तसा दिसायचं होतं.

कारण डोक्याने आधीच दगा द्यायला सुरुवात केली होती. नातवाचं नाव जिभेवर यायचं आणि परत जायचं. एकदा डग्लस रस्त्यावर, जिथून मी चौतीस वर्षं विमानांच्या कारखान्यात गेलो, मी सिग्नलला उभा राहिलो आणि डावीकडे वळायचं की उजवीकडे तेच कळेना. मागच्याने भोंगा वाजवला म्हणून सरळ गेलो. डोकं तपासायला डॉक्टरने कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी पत्र्याचं काम केलेला माणूस, हाताने असा गोल काढला की त्याने कंपास लावून बघावं. तो म्हणाला, छान आहे, लक्ष ठेवू या. आमची मुलगी शेली डेन्व्हरहून दर रविवारी फोन करते आणि विचारते, "बाबा, आज काय जेवलात?" बिचारी परीक्षा घेते आणि मला कळत नाही असं समजते. मी रविवारी दुपारीच चिठ्ठीवर लिहून ठेवतो, भाजलेली कोंबडी, मका, पीचची पाई, आणि फोनवर घडाघडा वाचून दाखवतो. पण हे सगळं डोक्याचं. हातांचं तसं नव्हतं. हातांवर माझा भरवसा होता. सकाळी उशाजवळचं पिस्तूल उचललं की मी काही म्हणायच्या आत हात मॅगझिन काढायचे, स्लाइड ओढायचे, करंगळी आत जायची. नावं जाऊ देत, रस्ते जाऊ देत, जोवर हात आपणहून हे करताहेत तोवर मी मीच आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हे मी कुणाला बोललो नव्हतो. दीड वर्ष मी या एकाच गोष्टीच्या आधाराने झोपत होतो.

"धातूचं दाखवते," डेना म्हणाली. तिने दुसरं काढलं. तीच कंपनी, तीच गोळी, सांगाडा तेवढा प्लॅस्टिकऐवजी ॲल्युमिनियमचा, वर पोलादी स्लाइड. तिने सगळं पहिल्यासारखंच केलं, फक्त या वेळी जरा सावकाश. लहान मुलाला बुटाची नाडी दाखवावी तसं. मी ते घेतलं आणि अशी काही तपासणी केली की विचारू नका. आत बघितलं, बोट घातलं, परत बघितलं, परत बोट घातलं, प्रकाशाकडे धरून बघितलं, नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर सरळ. "चाप ओढून बघू का?" असं विचारलंसुद्धा. डेना म्हणाली, "बघा ना, सर." पण ते करत असतानाच मला कळत होतं की हे खरं नाही. हे मी आठवून करत होतो. शिक्षक बघतायत म्हणून पोरगं जसं एक-एक पायरी मनात म्हणत करतं, तसं. हात आपले आपण काहीच करत नव्हते, मी सांगेन तेवढंच करत होते. 

पिस्तूल मात्र सुंदर होतं. सव्वादोन पौंड तरी असेल. हातात घेतल्यावर वजन तळव्यात बसलं आणि सगळ्या जुन्या गोष्टी एकदम जवळ आल्या. ॲल्युमिनियमचा तो थंडपणा मी डोळे मिटून ओळखतो. कारखान्यात मी विमानाच्या अंगावरचे पत्रे बसवायचो. पत्र्याची जाडी अंगठ्याने सांगायचो आणि नवे लोक मापायचे, तेव्हा केसाचाही फरक निघायचा नाही. पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकताना पलीकडून लोखंड धरून बसणारा एक जोडीदार असायचा. तो दिसायचा नाही, पत्र्यातून त्याचा हात कळायचा. नंतर नवी विमानं आली, कापडाच्या घड्यांना डिंक लावून भट्टीत भाजलेली. तरुण इंजिनिअर म्हणायचे, काका, हे पत्र्यापेक्षा मजबूत आहे. असेल बाबा. पण पत्रा मोडायच्या आधी सांगतो. रिव्हेटच्या भोकापाशी केसाएवढी भेग पडते, दिवा तिरपा धरला की दिसते, आणि विमान जमिनीवर असतानाच आपण पत्रा बदलतो. माझी अर्धी नोकरी दिवा तिरपा धरून भेगा शोधण्यात गेली. एकदा एका शेपटीत मी अशी भेग पकडली होती की सुपरवायझरने सगळ्यांसमोर टोपी काढली. आणि स्वतःच्या डोक्यातली भेग कुठल्या दिव्याने बघायची हे मला कोणी शिकवलं नाही.

"धक्का हेच खाऊन टाकेल," डेना म्हणत होती. "वजन आहे ना. मनगटाला कळणारसुद्धा नाही. ते प्लॅस्टिकचं पट्ट्याला लावून फिरायला बरं, थंडीत गारही लागत नाही, पण बार जरा हिसका देतो. तुमच्या सांध्यांना हेच बरं. पण सारखं धरून उभं राहिलं तर हात दुखेल." ती हे सगळं काउंटरकडे बघून बोलत होती. चांगला दुकानदार असाच बोलतो, दोन्हीकडचं सांगतो, आणि डेना चांगली दुकानदार आहे. फक्त एक गोष्ट ती करत नव्हती, जी असले लोक हमखास करतात. कोणतं घेताय, असं ती विचारत नव्हती.

शेवटी मीच म्हणालो, "धातूचंच दे. काढ कागद."

ती हलली नाही. "सर, आज नको."

"आज नको म्हणजे? संगणकावर माझं नाव टाक, दहा मिनिटांत सरकारचा होकार येतो. आयुष्यात एक पार्किंगचा दंड नाही मला."

"तो येईल हो. मीच देत नाहीये."

"तू?"

"दुकानदाराला तेवढा हक्क आहे. मन कचरलं तर हातात द्यायचं नाही, समोर सख्खा भाऊ असला तरी. तुम्हीच सांगायचात."

"वा! माझंच शहाणपण मला विकतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी—"

"माहीत आहे, सर."

"काय माहीत आहे? काय माहीत आहे गं तुला?" माझा आवाज चढला. तळव्याखाली काउंटरची काच थरथरली.

ती रागावली नाही. चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मला घरी पाठवलं होतंत," ती म्हणाली.

हे मात्र लख्ख आठवलं. दातांना तारा लावलेली, बारा वर्षांची, बापाच्या जाकिटाच्या बाह्या दुमडून घातलेली पोरगी. मी दिलेली बंदूक तिने घेतली आणि न तपासता खांद्याला लावली. मी काही ओरडलो नाही, मी कधीच ओरडत नसे. बंदूक काढून घेतली आणि म्हणालो, "डेना, आज घरी." तळघरात तीस पोरं आणि त्यांचे बाप. तिचा बाप तांबडालाल झाला, ट्रकचं दार आपटून गेला. ती जिन्यावर रडली. मला वाईट वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, चार माणसांत रडलेलं बरं, कुणाला तरी मारून रडण्यापेक्षा. पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली होती आणि काठीवर सराव करकरून इतकी तरबेज झाली होती की मी तिला सगळ्यांसमोर उभं करून बाकीच्यांना दाखवायला सांगितलं. ती पुन्हा आली म्हणून तर घरी पाठवण्याला अर्थ होता.

"मग मी पुढच्या शनिवारी येऊ?" मी म्हणालो. थट्टेतच म्हणालो.

डेना हसली नाही. तिने फडकं घेतलं आणि धातूचं पिस्तूल पुसायला लागली. माझी बोटं लागली होती तेवढा भाग पुसून झाला तरी ती पुसतच राहिली. "या ना," ती म्हणाली. "कधीही या. कॉफी पिऊ." मी तिथेच समजलो. शिकणाऱ्या पोराला कोणी कॉफीला बोलावत नाही. मग ती अगदी हळू म्हणाली, "सर, मागे आमची एक कुलपाची खोली आहे. लोक घरच्या बंदुका आणून ठेवतात. थोडे दिवस. कोणाला बरं नसतं, कोणाच्या घरी काही चालू असतं. आम्ही कुणी काही विचारत नाही."

"थोडे दिवस म्हणजे किती?"

"तुम्ही म्हणाल तेवढे."

मी टोपी घातली आणि बाहेर पडलो. वारा इतका होता की ट्रकचं दार उघडताना दोन्ही हात लावावे लागले. वनेटा आत बसून शब्दकोडं सोडवत होती. ती या दुकानात कधी येत नाही. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिने बंदुकीला हात लावलेला मी पाहिला नाही. लग्न ठरलं तेव्हाच म्हणाली होती, तुझा छंद तुझ्यापाशी. माझ्या वर्गाला मात्र ती दर वेळी यायची, पोरांसाठी लिंबूसरबत आणि ओटची बिस्किटं घेऊन, आणि मागच्या बाकावर विणत बसायची. आता आमचं चिली, म्हणजे घेवडा-खिम्याचा तिखट रस्सा, खायला जायचं ठरलं होतं, बरोबर दालचिनीचा रोल. मी गाडी चालवायच्या जागेवर बसलो, किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"काय रे, घेतलंस का?" कोड्यातून मान न काढता ती म्हणाली.

"नाही."

"प्लॅस्टिकचं आवडलं नसणार. मी म्हटलंच होतं."

"वनेटा, मी तपासलं नाही."

तिची पेन्सिल थांबली. बंदुकीतलं तिला काही कळत नाही असंच मी धरून चाललो होतो, म्हणून सांगायला लागलो, म्हणजे डेनाने पिस्तूल दिलं आणि मी आत न बघताच— तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कळलं मला," ती म्हणाली. "मर्ल, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे? आत्ताच तर झालं."

"आत्ता नाही." ती समोरच्या काचेतून बघत होती. पार्किंगमध्ये एक कागदी पेला वाऱ्याबरोबर गरगरत होता. "मार्चमध्ये. कपडे धुवायच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या होत्या, त्यावर तुझं पिस्तूल ठेवलेलं होतं. भरलेलं. आत एक गोळी चढवलेली."

 मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं, अजूनही आठवत नाही.

"मग तू काय केलंस?"

"तू पोरांना सांगायचास तेच. एकतीस वर्षं मागच्या बाकावर बसून ऐकलंय मी ते. मॅगझिन काढलं, मग स्लाइड ओढली, गोळी बाहेर पडली ती मशीनच्या मागे गेली, झाडूने काढली. आत बघितलं. बोट घातलं.  तेव्हापासून रोज बघते. पहाटे तू उठायच्या आधी, तुझ्या उशाजवळचं काढून तपासते आणि परत तसंच ठेवते. गोळ्या माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत. सात महिने तू रिकामं पिस्तूल घेऊन झोपतोयस."

सात महिने. सकाळी जे हात आपणहून सगळं करायचे त्या हातांना आत काही सापडणारच नव्हतं. मॅगझिन रिकामं आहे हे मी रोज बघत होतो आणि रोज विसरत होतो. की बघतच नव्हतो? मला रडू आलं. लाज वाटली, तिचा राग आला, आणि त्याच्याही खाली कुठेतरी इतकं हायसं वाटलं की त्याचीच जास्त लाज वाटली.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. रोज सांगणार होते." तिने नाक पुसलं. "पण सकाळी ते हातात घेतलंस की तू ताठ बसायचास. आधी होतास तसा. ते मी कसं काढून घेऊ? मला नाही जमलं, मर्ल."

मी बाहीने डोळे पुसले. मग विचारलं, "करंगळी घालून बघतेस?"

"बघते."

"एकदाच?"

"दोनदा. तू दोनदा म्हणायचास."

"आणि नळी?"

"खिडकीखालच्या विटांच्या भिंतीकडे. पलंगाकडे नाही." तिने रिकाम्या हातांनी हवेत करून दाखवलं, सगळं, क्रमाने. आयुष्यभर विणकाम केलेल्या त्या बोटांना कुठे घाई नव्हती. मी चूक शोधत होतो. मनापासून शोधत होतो, एक तरी सापडावी म्हणून. सापडली नाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

ती हुंदका देऊन रडली. मग तिने पेन्सिल उचलली, कोड्याचा कागद उलटा केला आणि म्हणाली, "तुझी बंदुकांची तिजोरी मात्र मला उघडता येत नाही. त्यातल्या अकरा बंदुकांचं मला रोज भय वाटतं. कुलपाचे आकडे सांग."

ते आकडे मी कधी कुठे लिहिले नव्हते. शेलीला माहीत नव्हते, डॉक्टरला नव्हते, माझ्याशिवाय जगात कुणालाच नव्हते. मला वाटलं आता आठवणार नाहीत. आठवू नयेत असं वाटलं. डोक्याने एवढं सगळं गिळलंय, हेही गिळावं, म्हणजे मी दिले असं तरी होणार नाही. पण सहाच्या सहा आकडे माझ्यासमोर रांगेत येऊन उभे राहिले, एकही डळमळला नाही, आणि मी ते एकेक करून सांगितले. तिने लिहून घेतले आणि मला वाचून दाखवले.

"डेनाकडे ठेवू या," मी म्हणालो. "तिची खोली आहे. उद्या तिला गाडी घेऊन बोलव. आणि तोवर तिजोरीचे आकडे बदलून टाक, आज घरी गेल्या गेल्या. तिजोरीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक लाल बटण आहे, ते दाबून धरायचं, मग नवे टाकायचे."

"बरं," ती म्हणाली.

"वनेटा."

"काय?"

"नवे आकडे मला सांगू नकोस."

"नाही सांगणार," ती म्हणाली आणि कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.